फुलीचा दगड

चैत्र शुद्ध पंचमी

प्रिय दोस्ता,

फोन सोडून पत्र आलंय म्हणजे काहीतरी घडलंय, हे तू पाकीट बघूनच ओळखलं असशील. घाबरू नको, सगळे धडधाकट आहेत. आबांचा दमा थंडी गेल्यापासून बरा आहे, माझी पाठ आहे तशीच आहे. गेल्या आठवड्यात तुला तीन वेळा फोन लावला आणि तिन्ही वेळा ऊस, लाइट आणि उन्हाचं बोलून ठेवून दिला. तिसऱ्या वेळी तू विचारलंससुद्धा, आवाज असा का येतोय म्हणून. घसा बसलाय म्हणालो. घसा बसला नव्हता.

तर ऐक. तुझ्या वडिलांचा, दादांचा दगड सापडला.

एवढं लिहून मी उठलो, गोठ्यात जाऊन म्हशीपुढं वाडं टाकलं आणि परत येऊन बसलो. आता सगळं नीट सांगतो.

आमच्या रानातला तिसरा खोडवा फाल्गुनात गेला. तोड इतकी लांबली की उसाला तुरे येऊन वाळूनही गेले होते, पण ते रडगाणं नंतर. २०१९ आणि २०२१ च्या पुरात रानावर जो गाळ बसला आणि वरून उसाच्या ट्रॉल्या फिरल्या, त्यानं जमीन अशी दडपलीय की पाणी पाजलं तर वरच उभं राहतं, जिरतच नाही. म्हणून ठरवलं, यंदा घाई करायची नाही. रान उलथून वैशाखभर तापू द्यायचं, पावसाच्या तोंडाला ताग टाकायचा, तो गाडायचा आणि जुलैअखेर आडसाली उसाची लागण धरायची. नांगरटीच्या आधी सबसॉयलर घातला. तो दीड-दोन फूट खाली जातो. आजवर या रानात एवढं खोल कुणी गेलंच नव्हतं. बैलांचा नांगर वीतभर जायचा, ट्रॅक्टरचा त्याहून थोडा जास्त.

बांधाकडची शेवटची फेरी होती. खाडकन आवाज झाला, ट्रॅक्टर जागेवर डळमळला आणि बोल्ट तुटला. ड्रायव्हर पोरगं उतरून म्हणतंय, ‘मालक, धोंडा लागला.’ आपल्या नदीकाठच्या रानात धोंडा? आठवतं ना, लहानपणी कैऱ्या पाडायला इथं खडा मिळायचा नाही, डांबरी रस्त्यावरून खिशात भरून आणावे लागायचे. मी खोऱ्यानं उकरलं. दोन हात लांब, घडवलेला काळा दगड, आडवा पडलेला. दोघांनी पहारीनं उलटा केला. कळशीभर पाणी ओतून माती धुतली. एका अंगाला छन्नीनं मारलेली फुली. टवका उडालेली नाही, नीट, वेळ घेऊन मारलेली.

मी तिथंच मातीत बसलो.

दादा दर साली नांगरटीच्या वक्ताला बांधावर उभे राहून ओरडायचे, ते तुझ्याही कानात असेल. ‘माझ्या बापानं फुली मारलेला दगड हुता हितं, त्यो कुठं गेला सांगा!’ पाणंदीनं जाणारी माणसं हसायची. आमच्या घरात तर ती म्हणच झाली होती. चमचा सापडेना, चप्पल सापडेना, की कुणीतरी म्हणायचं, ‘फुलीच्या दगडाखाली बघ.’ मी पण म्हणायचो. परवापर्यंत म्हणायचो.

आणि बंधाऱ्यावरचं तुला सांगायला नको. आपण नववीत होतो. तुझा बाप खोटारडा आहे, असं मी सगळ्या पोरांसमोर म्हणालो होतो आणि तू काही न बोलता माझी नवी सायकल बंधाऱ्यावरून भोगावतीत ढकलली होतीस. दीड वर्षं आपण बोललो नाही. मग दहावीच्या निरोप समारंभात तू राधानगरी धरणावर भाषण ठोकलंस, त्याचे आपोआप उघडणारे दरवाजे मोजताना सहावर थांबलास, मास्तर म्हणाले, ‘आणि सातवा?’ आणि मी मागच्या बाकावरून ओरडलो, ‘सातवा हाच, आपोआप उघडलाय!’ तूच सगळ्यांत आधी हसलास. भांडण मिटलं असं आपण समजलो. पण दोस्ता, मी माफी मागितली नव्हती. दगडाचा विषय काढायचा नाही, हे आपलं न ठरवता ठरलं होतं, आणि ते माझ्याच सोयीचं होतं. दादा खरं बोलत होते. हे तुला सांगायला मला बत्तीस वर्षं आणि एक तुटका बोल्ट लागला.

मध्येच तुझी वहिनी येऊन विचारून गेली, चटणी किती पाठवू. परवा डंकावर नेऊन कुटून आणली. ब्याडगी आणि संकेश्वरी निम्मी-निम्मी, लसूण घरचा. सगळं घर अजून शिंकतंय. काकूंना सोसेल अशी कमी तिखटाची वेगळी काढून ठेवलीय.

तर हिशेब सांगतो, कारण त्या रात्री मी दुसरं काहीच केलं नाही. दगड मिळाला तिथून आजच्या बांधापर्यंत टेप लावला. चार फूट. बांधाची लांबी ३३० फूट. म्हणजे १३२० चौरस फूट, एक गुंठा आणि वर २३१ फूट. एकरी पंचेचाळीस टनांनी धरलं तर वर्षाला सव्वा-दीड टन ऊस. आता चार फुटांचे इंच झाले अठ्ठेचाळीस. चाळीसेक वर्षांत ते गेले म्हटलं तर वर्षाला इंच, सव्वा इंच. अंगठ्याच्या पेराएवढं. नांगर वळवताना तास बांधाला पेरभर लागलं तर कुणाला दिसणार? दादांना दिसत होतं. आणि त्यातलं निम्मं माझ्या हातचं आहे. आबांनी कासरा सोडला तेव्हापासून नांगरट मीच बघतोय. बांध कोरायचा असं मनात कधी आलं नाही, जोतिबाची आण. पण बांधावर हरळी माजली की ‘जरा लागून घे’ असं ड्रायव्हरला मीच सांगायचो. दर साली. तुझं रान माझ्याकडं फाळ्यानं कसायला आल्यावर तर दोन्हीकडचा नांगर माझाच. मग बांध कुठल्या बाजूनं झिजतोय हे बघायला राहिलं कोण?

तरीही एवढंच असतं तर मी फोनवर सांगितलं असतं. इंचाइंचानं चूक झाली, मोजून परत घे म्हणालो असतो. झोप लागत नाही ती दुसऱ्याच गोष्टीनं.

दगड उभा नव्हता. हद्दीचा दगड उभा असतो. धाकटा भाऊ म्हणतोय, पुरात वाहून आला असेल. पण जिथं तो पडला होता त्याला लागूनच खड्डा आहे आणि त्यात चारी बाजूंनी ठेचून बसवलेले लहान धोंडे अजून जागेवर आहेत. दगड तिथंच उभा होता. कुणीतरी हलवून हलवून सैल केला, आडवा निजवला, माती ओढली.

त्या दिवशी ड्रायव्हर पोरगं मजुरी घ्यायला घरी आलं, चहा पिताना आबांना म्हणालं, बांधाकडं धोंडा लागला. एवढंच बोललं, मी शेजारीच होतो. आबा गप्प. रात्री सोप्यात मी अंथरूण घालत होतो तेव्हा अंधारातून त्यांनी विचारलं, ‘फुली वर हुती का खाली?’

उभ्या दगडाला वरची आणि खालची बाजू नसते रे.

मी ‘खाली’ म्हणालो. ते ‘हं’ म्हणाले आणि कूस बदलली. पुढं मी काही विचारलं नाही. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला काय विचारायचं? कदाचित आज्जांनी केलं असेल आणि आबांनी नुसतं बघितलं असेल. पोरवयात बापानं सांगितलं म्हणून पहारीला हात लावला असेल. कदाचित एकट्यानंच. मी दिवसातून दहा वेळा प्रश्न तोंडाशी आणतो आणि औषधाचं विचारून गप्प बसतो. तुला आठवतं, दादा शेवटी अंथरुणावर होते तेव्हा आबा रोज संध्याकाळी अर्धा लिटर दूध घेऊन स्वतः जायचे? बोलणं नव्हतं दोघांत. तांब्या उंबऱ्यात ठेवायचे, पाच मिनिटं बसायचे, परत यायचे. मला तेव्हा माझ्या बापाचा केवढा अभिमान वाटला होता. आता तो तांब्या डोळ्यांपुढून जात नाही. ते दूध खोटं होतं असं मात्र मला म्हणवत नाही. तुला काय वाटतं ते तू सांग. उंबऱ्याच्या आतून तू ते बघितलंयस.

धाकट्याचं आणि माझं जोरात वाजलं. तो म्हणतोय, आहे तिथं परत पुरून टाक, बारा वर्षांच्या वर कब्जा झाला की रान आपलंच, कोर्टसुद्धा तेच म्हणेल. वर म्हणतोय, तो विकायला निघालाच आहे, आपणच घेऊन टाकू, म्हणजे बांधही नको आणि दगडही नको. माघात तू मला ‘गिऱ्हाईक बघ’ म्हणाला होतास, ते त्याला मीच सांगितलं होतं. चूक झाली. धाकटा वाईट नाही, पोरांच्या शिक्षणाचं ओझं आहे त्याच्यावर, पण त्या दिवशी त्याचं ते वाक्य ऐकून माझा हात उठला होता. तुझी वहिनी मधे आली म्हणून थांबलो. चार दिवस आम्ही एकमेकांशी जनावरांमार्फत बोलतोय. ‘म्हशीला पाणी दाखवलं का कुणी?’ असं तो म्हशीकडं बघून म्हणतो, आणि मी म्हशीलाच उत्तर देतो.

तर माझं म्हणणं असं. विकायचं की नाही ते तू ठरव, मी मधे येणार नाही. पण मोजणी झाल्याशिवाय कुणाशी शब्द करू नको. मोजणीचा अर्ज तुझ्या सहीनं व्हायला हवा, रान तुझ्या नावावर आहे. लगतचा म्हणून नोटीस आम्हाला येईल, मी हजर राहीन आणि सही करीन. दगड आडवा होता, तेव्हा त्याच्यावर भिस्त नको. मोजणीवाल्यांचं मशीन दाखवेल ती हद्द. चारच्या जागी पाच फूट निघाले तरी पाच. उसाचे इतक्या वर्षांचे पैसे, हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलंय, तुला राग येईल म्हणून. पण त्यावर समोर बसून बोलू.

तुझ्या उसाचं म्हणशील तर बरं आहे. ८६०३२ जातीचा दुसरा खोडवा, बुडखे छाटले, पाचट सरीत दाबलं, बगला फोडून खताचा पहिला हप्ता दिला. फूट चांगली आहे. पाण्याचीच ओढाताण. या आठवड्यात रात्रीची लाइट आणि नदीवर उपसाबंदी लागणार अशी कुणकुण आहे. पाणंदीच्या तोंडाचा पांगारा फुलून आता झडलाय, सगळी वाट लाल आहे. म्हैस व्याली, रेडी झाली. खरवस खाताना तुझी आठवण निघाली, तू एकट्यानं पातेलं संपवलं होतंस ती. पोरीचे दहावीचे पेपर संपले असतील, गणित सोपं गेलं का? नव्या जागेत काकूंना जिना चढावा लागत नाही ना? वहिनींना नमस्कार.

कालची गोष्ट राहिलीच. काल सकाळी आबा चहा झाल्यावर म्हणाले, ‘मला रानात न्हे.’ गाडीवर मागं बसवून, कमरेला टॉवेलनं माझ्याशी बांधून नेलं. दगडापाशी खाली बसले. फुलीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. ऊन चढलं, मी चला म्हणालो तरी उठेनात. मग म्हणाले, ‘त्याला बोलवून घे. यात्रेला ये म्हणावं.’ तुला म्हणजे तुलाच, नाव घेतलं नाही, पण बोट तुझ्या उसाकडं होतं.

जोतिबाची यात्रा दहा दिवसांवर आहे. ये. डोंगरावर जाऊ, सासनकाठ्या बघू, गुलालानं माखून घरी येऊ, दवणा आणू. आणि मग आबांपाशी तू बस. मला ते सांगणार नाहीत, मीही विचारू शकणार नाही. तुला सांगतील. काय सांगितलं ते मला नाही सांगितलंस तरी चालेल.

दगड मी हलवलेला नाही. त्याच्या भोवतीची चार हात जागा न नांगरता ठेवलीय, खड्ड्यातले धोंडे पोरं काढून नेतील म्हणून वर काटेरी फांद्या टाकल्यात.

साडेदहा वाजत आले, लाइट यायची वेळ झाली. मोटर चालू करून दारं धरायला जातो. आज तुझ्याच रानाची पाळी आहे.

तुझाच,
बांधाशेजारचा

ता. क. येताना एसटीनंच ये, स्टँडवर घ्यायला मी येतो. आणि सायकलचं मी अजून विसरलेलो नाही.