एसी बंद करणाऱ्या मास्तरांना

मास्तर,

तुम्हाला मराठी येत नाही, तरी हे पत्र मी मराठीतच लिहिते आहे. रविवारी तुमच्या दारातून निघताना मी 'थँक यू' म्हटलं खरं, पण गाडीत बसेपर्यंत ते मलाच फार तोकडं वाटायला लागलं. दुकानात पिशवी हातात देणाऱ्यालाही मी तेच म्हणते. मुलगा तुम्हाला हे वाचून दाखवील, जमेल तसा अर्थ सांगेल. चार लोकांसमोर लिहिते आहे, कारण तुम्ही काय केलंत ते चार लोकांना कळायला हवं.

रँडी ऱ्होड्स या रॉक गिटारवादकाचं नाव आमच्या घरात मुलामुळे आलं. एक दिवस शाळेतून आला आणि दप्तर टाकायच्या आधी म्हणाला, "आई, तो आपल्याच शाळेतला होता!" मला वाटलं, पुढच्या वर्गातला कुणी मुलगा असेल. मग त्याने फोटो दाखवला. सोनेरी केसांचा, अंगाने किरकोळ पोरगा, हातात पांढऱ्या ठिपक्यांची काळी गिटार. १९५६ सालचा जन्म, आम्ही राहतो त्याच कॅलिफोर्नियातल्या बरबँकमध्ये वाढलेला, बरबँक हायस्कूलचा विद्यार्थी. आणि १९ मार्च १९८२ ला फ्लोरिडात, लीसबर्गला, विमान अपघातात गेलेला. वय वर्षं पंचवीस. आदल्या रात्री नॉक्सव्हिलला कार्यक्रम झाला होता, पुढचा ऑरलँडोला होता. वाटेत बस थांबली, बसच्या ड्रायव्हरने एक छोटं विमान हवेत नेलं आणि उभ्या बसवरून खाली झेपा घेत ते उडवलं. पंख बसला लागला. रँडी, तो ड्रायव्हर आणि बरोबरची एक बाई, तिघंही गेले. त्या ड्रायव्हरच्या बेपर्वाईबद्दल मी वाचलं तेव्हा माझ्या हातापायांतली शक्तीच गेली होती. पोराच्या खोलीतून नेमकं तेव्हा रँडीचंच वाजवणं ऐकू येत होतं.

खरं सांगायचं तर तोवर त्या वाजवण्याला मी 'दार लाव' एवढंच म्हणत आले होते. रँडी ज्याच्या बँडमध्ये वाजवायचा त्या रॉक गायक ऑझी ऑस्बॉर्नचा आवाज, ते ड्रम, ते सगळं मला झेपत नव्हतं. पण मुलगा सांगत राहिला की आई, हा माणूस क्लासिकल, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, शिकायचा. दौऱ्यावर ज्या गावात मुक्काम असेल, तिथे क्लासिकल गिटारचे शिक्षक शोधून त्यांच्याकडे धडा घ्यायला जायचा. हजारो लोक रात्री ज्याच्या नावाने ओरडायचे, तो सकाळी कुणा अनोळखी मास्तरांच्या घरी नायलॉनच्या तारांची गिटार घेऊन मुकाट्याने बसायचा. बँड सोडून यूसीएलए विद्यापीठात क्लासिकल गिटारची पदवी घ्यायची, असं त्याने ऑझीला सांगूनही टाकलं होतं. "मलाही ते शिकायचंय," असं मुलगा म्हणाला, आणि मला वाटलं, चला, आता तरी मार्ग सरळ झाला.

कसला सरळ? पहिल्या ठिकाणी, तिथलं नाव मी घेत नाही, त्याने मोठ्या हौसेने सांगितलं की मी रँडी ऱ्होड्समुळे आलो. समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, आधी ते सगळं विसरावं लागेल. काय विसरायचं ते त्यांनी ऐकूनही घेतलं नाही. दुसऱ्या ठिकाणी उलटा प्रकार. तिथल्या तरुण शिक्षकाने सांगितलं की नोटेशन वगैरे शिकण्यात वर्षं फुकट जातील, बोटं पळव म्हणजे झालं. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी तर माझ्या घरी, माझ्याच हातचा चहा पिताना, हे सैतानाचं संगीत आहे, पोराला आवर, असा सल्ला दिला. मुलगा तेव्हा जिन्यात उभा होता. त्याने ऐकलं.

त्यानंतर आठ महिने गिटार पलंगाखाली होती. पोरगं जेवायचं, अभ्यास करायचं, विचारलं तर उत्तर द्यायचं. तक्रार करायला जागाच नव्हती. पण घर कसं ओस पडल्यासारखं झालं होतं, ते आई असलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. 'दार लाव' म्हणायची सवय असलेली मी, त्या बंद दाराला कान लावून उभी राहायची.

तुमचं नाव कुणी दिलं, फोन कसा केला, त्या तपशिलात शिरत नाही. ऑगस्टमधली दुपार होती. सॅन फर्नांडो व्हॅलीतला ऑगस्ट म्हणजे काय ते तुम्हाला मी काय सांगू, पारा ४० च्या वर होता. तुमच्या पुढच्या खोलीत खिडकीत बसवलेला तो जुना एसी घरघरत होता. मुलगा गिटार न काढताच बसला. तुम्ही त्याला काय येतं, कुठे शिकलास, कोणती पुस्तकं केलीस, यातलं काही विचारलं नाहीत. "तुला काय आवडतं?" एवढंच विचारलंत. तो बराच वेळ गप्प राहिला. दोनदा पोळलेला मुलगा तो. मग हळूच म्हणाला, एक छोटी चीज आहे, 'डी' नावाची. तुम्ही म्हणालात, ऐकव.

त्याने फोन काढला. आणि तुम्ही उठलात, खिडकीपाशी गेलात आणि एसी बंद केलात.

मास्तर, मला लिहायचं होतं ते खरं तर एवढंच. नुसतं बटण दाबून तुम्ही परत आला नाहीत. पंख्याचा शेवटचा खडखडाट थांबेपर्यंत तिथेच उभे राहिलात, मग खुर्चीवर येऊन बसलात, मांडीवर हात ठेवलेत, आणि माझ्या मुलाकडे बघून मान हलवलीत. माझ्या लहानपणी मिरजेला आत्याकडे तंबोरा लावायला घेतला की कुणीतरी उठून पंखा बंद करायचं. मे महिना असला तरी. बारीक पोरंसुद्धा तेवढा वेळ श्वास धरून बसायची. तो पंखा मी तीस वर्षांत आठवला नव्हता. तुमच्या खोलीत तो आठवला आणि मला समजलं की हे पोरगं आता योग्य घरी आलं आहे.

'डी' ४९ सेकंदांची आहे. १९८० साली इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या रिज फार्म स्टुडिओत ऑझीची पहिली स्वतंत्र रेकॉर्ड होत होती, त्या धडाक्यात रँडीने आईसाठी एवढीशी जागा मागून घेतली. त्याच्या आईचं नाव डेलोरेस, घरचं लाडकं नाव डी. ड्रम नाहीत, गाणं नाही, नुसती गिटार. एक गाणं संपतं, ही येते आणि तुम्ही नीट बसेपर्यंत संपतेही. तुमच्या खोलीत ती संपली तेव्हा घामाने माझी पाठ भिजली होती आणि तुम्ही म्हणालात, "पुन्हा एकदा." दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तुम्ही जे म्हणालात ते मुलाने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे: "हा मुलगा अभ्यास करत होता."

तुम्ही रँडी ऱ्होड्सचं नावही कधी ऐकलेलं नव्हतं, हे तुम्ही लगेच मोकळेपणाने सांगितलंत. तरीही पुढच्या आठवड्यात तुम्ही त्याच्या ऑझीबरोबरच्या दोन्ही रेकॉर्ड ऐकून तयार होतात. त्यातल्या 'डायरी ऑफ अ मॅडमॅन' या गाण्याची सुरुवात मुलाने वाजवून दाखवली आणि तुम्ही हसायला लागलात. उठून आपली गिटार घेतलीत आणि क्यूबाचे संगीतकार लिओ ब्राउवर यांचा सहावा एट्यूड, म्हणजे सरावासाठी रचलेली छोटी चीज, वाजवलात. ते दोन्ही सख्ख्या भावंडांसारखे निघाले! मुलाचा चेहरा मी दारातून पाहत होते. ज्याला सगळे जण एक तर हे, नाही तर ते निवड म्हणून सांगत होते, त्याला तुम्ही दाखवलंत की मधली भिंत रँडीने पंचविशीच्या आतच पाडून ठेवली होती. कुणी बघायला गेलं नव्हतं, एवढंच.

मग मी डेलोरेसबाईंबद्दल मिळेल ते वाचलं. नवरा सोडून गेला तेव्हा हे शेंडेफळ दीड वर्षाचंही नव्हतं. पदरात तीन मुलं. त्या नॉर्थ हॉलिवूडमध्ये 'म्युझोनिया' नावाची संगीतशाळा चालवायच्या, १९४८ पासून. रँडी तिथेच शिकला. त्याला इलेक्ट्रिक गिटार शिकवणारे शिक्षक एक दिवस बाईंकडे येऊन म्हणाले, मला येत होतं ते सगळं याला आलं, आता माझ्याकडे शिकवायला काही उरलं नाही. पुढे रँडीही तिथेच मुलांना शिकवायला लागला. संध्याकाळी क्वायट रायट या आपल्या बँडबरोबर वाजवायचा, आणि त्या बँडला इथे अमेरिकेत कुणी विचारत नव्हतं. पहिल्या दोन्ही रेकॉर्ड फक्त जपानमध्ये निघाल्या. आपल्या गावच्या पोराची किंमत गावाला उशिरा कळते, हे सगळीकडे सारखंच दिसतं. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव २०२१ साली लागलं, जाऊन ३९ वर्षं झाल्यावर. बाई तो दिवस बघायला नव्हत्या. २०१५ साली, ९५ व्या वर्षी त्या गेल्या. मुलामागे ३३ वर्षं त्या जगल्या, हा आकडा मी दोनदा मोजून पाहिला.

तुमच्या त्या एका धड्याबद्दलही सांगायलाच हवं. मुलगा 'डी'मध्ये एका जागी सारखा अडकायचा आणि चिडून गिटार खाली ठेवायचा. तुम्ही त्याला १९८७ साली निघालेल्या 'ट्रिब्यूट' या रेकॉर्डचा शेवट ऐकायला लावलात. तिथे 'डी' स्टुडिओत वाजवतानाचे रँडीचे प्रयत्न तसेच्या तसे ठेवले आहेत. तो चुकतो, थांबतो, पुन्हा सुरू करतो, पुन्हा चुकतो. मध्येच त्याचा आवाजही येतो. ४९ सेकंदांच्या चीजेचे ते चार मिनिटांहून जास्त वेळ चालणारे प्रयत्न तुम्ही माझ्या मुलाबरोबर बसून, एसी बंद करून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेत. बोलला काहीच नाहीत. घरी येताना गाडीत मुलगा म्हणाला, "तोपण चुकायचा गं." इतक्या महिन्यांत मी त्याचा असा हलका झालेला आवाज ऐकला नव्हता.

त्याशिवायही सगळं पाहिलं आहे मी. बारीक पॉलिश पेपरने तुम्ही त्याच्या अंगठ्याचं, तारा छेडायला लागणारं नख कसं घासून देता, ते बोट स्वतःच्या चष्म्याजवळ धरून, एखादा सोनार मणी बघतो तसं. मार्चमध्ये आम्ही सॅन बर्नार्डिनोला माउंटन व्ह्यू दफनभूमीत रँडीच्या समाधीपाशी जाणार म्हटल्यावर तुम्ही, त्या मुलाला आयुष्यात कधी न भेटलेले तुम्ही, आपल्या परसातल्या लिंबाच्या झाडाची फुलं असलेली डहाळी कागदात गुंडाळून दिलीत.

चांगुलपणा म्हणजे मोठं काहीतरी करावं लागतं, असं मला पूर्वी वाटायचं. दान, उपकार, वेळप्रसंगी धावून जाणं. ते असतंच. पण दुसऱ्याला, त्यातून सोळा वर्षांच्या पोराला, जे जिवापाड आवडतं ते मध्ये न बोलता ऐकून घेणारं माणूस किती विरळ आहे! माझ्या मुलाला ज्यांनी परत पाठवलं ती माणसं वाईट नव्हती. शिकलेली होती, आपापल्या कामात तरबेज होती. त्यांच्याकडे ४९ सेकंद नव्हते. मीही त्यांच्यातलीच होते, आणि हे लिहिताना मला फार लाज वाटते.

रविवारी तुमच्या खोलीत घडीच्या खुर्च्यांवर आम्ही बारा-तेरा माणसं होतो. मुलाची पाळी आली. "ही चीज एका मुलाने त्याच्या आईसाठी केली," एवढंच तो म्हणाला, माझ्याकडे न बघता. तिसऱ्या ओळीला चुकला. थांबला. खोलीत कुणी हललं नाही, तुम्हीही नाही. त्याने हात झटकला आणि पहिल्यापासून सुरू केलं, आणि या वेळी पार पोचला. तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. डोळे मिटून बसला होतात, आणि उघडले तेव्हा मुलाने आधी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या क्रमाचं मला जराही वाईट वाटलं नाही.

सोबत बेसनाचे लाडू पाठवते आहे. डबा परत करायची घाई करू नका. गुरुवारी साडेचारला तो नेहमीसारखा येईलच. आणि त्याच्या उजव्या हाताची वाढलेली नखं काप म्हणून मी आता मागे लागत नाही.

तुमच्या विद्यार्थ्याची आई