लिस्बनच्या सहलीतून आपला इतिहास का वगळायचा?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतला लिस्बनविषयीचा लेख कापून ठेवून मी आणि माझे यजमान अलीकडेच पोर्तुगालला जाऊन आलो. लेख उपयोगी होता, यात शंका नाही. २८ क्रमांकाच्या ट्राममध्ये गर्दी होण्याआधी सकाळी लवकर बसावे, पाकीट सांभाळावे, नदीकाठच्या बेलेम या भागातले प्रसिद्ध ‘पास्तेल’ (कस्टर्ड भरलेली छोटी पेस्ट्री) गरम असतानाच खावे, हे त्यात लिहिले होते आणि तसेच ते निघाले. परंतु ज्या वसईवर पोर्तुगीजांनी १५३४ ते १७३९ अशी दोन शतके राज्य केले, तिथे राहणाऱ्या आम्हा दोघांना पहिल्या दिवसापासून जे जागोजागी दिसत गेले, त्याचा त्या लेखात मागमूस नव्हता. मराठी वाचकासाठी लिहिलेल्या लेखात ते असायला हवे होते, असे वाटल्यावरून हा पत्रप्रपंच.

त्या ट्रामचेच उदाहरण घ्या. आल्फामा या जुन्या वस्तीच्या चढावरून ती जिथे खडखडत जाते, त्या मार्गालगत साओ व्हिसेंते दे फोरा हा मठ आहे आणि त्याच्या जुन्या भोजनगृहात ब्रागांझा राजघराण्याच्या समाध्या आहेत. तिथे कॅथरीन ऑफ ब्रागांझाचीही समाधी आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी तिचा विवाह ठरला तेव्हा १६६१ च्या करारात मुंबई बेट आंदण म्हणून दिले गेले, हे आपल्याकडचा शाळकरी मुलगाही जाणतो. पण तिची समाधी ट्रामच्या वाटेवर आहे, हे मुंबईच्या प्रवाशाला कोणी सांगत नाही. आमच्या डब्यातली बरीच मंडळी तर ट्रामचेच फोटो काढण्यात गुंतलेली होती.

शहराच्या सखल भागातले सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपानंतरचे आहेत. त्या दिवशी सकाळी, सर्व संतांच्या सणाची प्रार्थना चालू असताना, धरणी हादरली, मग नदीतून समुद्राच्या लाटा शहरात शिरल्या आणि पाठोपाठ लागलेली आग अनेक दिवस धुमसत राहिली. पुढे राजाचा मंत्री मार्क्विस दे पोंबाल याच्या देखरेखीखाली नवे शहर उभे राहिले, तेव्हा घरांच्या भिंतींत लाकडी चौकटींचा पिंजरा बसवण्यात आला, जेणेकरून पुन्हा हादरे बसले तरी इमारत कोसळू नये. कार्मो मठाच्या चर्चचे छप्पर मात्र परत चढले नाही. डागडुजी सुरू झाली होती, पण १८३४ मध्ये धर्मसंघ बरखास्त झाले आणि काम तिथेच थांबले. आज त्या उघड्या कमानींखाली उभे राहिले की वर थेट आकाश दिसते. वसईच्या किल्ल्यातली बिनछपराची चर्चे पाहतच आम्ही वाढलो असल्याने आम्हाला त्याचे फारसे नवल वाटले नाही. तिथली स्वच्छता आणि प्रत्येक शिळेपुढची माहिती देणारी पाटी यांचे मात्र वाटले, आणि थोडा हेवाही.

बेलेमला लेखाने अर्धा दिवस दिला होता. आमच्या मते पूर्ण दिवसही कमी पडतो. जेरोनिमोस मठाच्या बांधकामाला मुख्यतः आफ्रिका आणि पूर्वेकडच्या मालावर बसवलेल्या सुमारे पाच टक्के कराचा पैसा लागला, म्हणजे आपल्याकडच्या मिरीचा वाटा त्यात आहेच. चर्चमध्ये शिरताच एका बाजूला वास्को द गामाची आणि दुसऱ्या बाजूला कवी कामोएन्सची समाधी आहे. गामा १५२४ मध्ये कोचीत वारला, तिथेच पुरला गेला आणि नंतर त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेण्यात आल्या. थोड्या अंतरावर राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोरच्या चौकात, १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो दे आल्बुकर्कचा पुतळा उंच खांबावर उभा आहे.

नदीकाठच्या बेलेम बुरुजावर एका कोपऱ्यातल्या मनोऱ्याच्या तळाशी गेंड्याचे डोके कोरलेले आहे. वारा-पावसाने ते इतके झिजले आहे की माझ्या यजमानांनी बोट करून दाखवले नसते तर मला तो नुसता दगडाचा गोळाच वाटला असता. हा गेंडा गुजरातचा. तिथला सुलतान मुजफ्फरशहा याने तो आल्बुकर्कला भेट दिला, आल्बुकर्कने १५१५ च्या आरंभी गोव्याहून जहाजावर चढवला आणि मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. पोर्तुगालचा राजा मानुएल याने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीनेच पळ काढला. पुढे पोपला नजराणा म्हणून धाडलेला तो गेंडा इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला. जर्मन चित्रकार ड्यूरर याने प्रत्यक्ष न पाहताच ज्याचे जगप्रसिद्ध चित्र केले, तो हाच.

बुरुजापासून चालत जाण्याच्या अंतरावर ५२ मीटर उंचीचे ‘शोधांचे स्मारक’ आहे. जहाजाच्या पुढच्या टोकाच्या आकाराच्या या स्मारकावर राजपुत्र हेन्रीच्या मागे खलाशी, धर्मगुरू, नकाशाकार अशा ३२ जणांची रांग आहे. त्यांत एकच स्त्री आहे आणि ज्या किनाऱ्यांवर ही जहाजे लागली तिथला एकही माणूस नाही. हे स्मारक हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत १९६० मध्ये दगडात उभारले गेले आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, हे सनांचे सान्निध्य तुमच्या लेखकाच्या नजरेतून कसे निसटले, कळत नाही.

सगळ्यात खटकलेली गोष्ट आता सांगते. समुद्रस्नानासाठी कश्काइशला जाणारी किनाऱ्यालगतची रेल्वे ‘चुकवू नये अशी’ असे लेखात म्हटले होते आणि ती खरोखर रम्य आहे. परंतु त्याच मार्गावर बेलेमच्या पुढे काशियश नावाचे स्थानक लागते. तिथल्या किल्ल्यात मोहन रानडे यांना डांबून ठेवले होते. सांगलीचा हा तरुण शिक्षक म्हणून गोव्यात गेला, गोवामुक्तीसाठी सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात लढला, १९५५ मध्ये पकडला गेला आणि २६ वर्षांची शिक्षा भोगण्यासाठी पोर्तुगालला नेला गेला. गोवा मुक्त झाल्यानंतरही सात वर्षांहून अधिक काळ ते कैदेतच राहिले. सुधीर फडके यांच्यासारख्यांनी केलेल्या खटपटीनंतर १९६९ मध्ये त्यांची सुटका झाली. स्थानकाची पाटी वाचून आम्ही दोघे खिडकीशी उभे राहिलो, एवढेच. गाडी फार थांबत नाही आणि तिथे आजही तुरुंग असल्याने पर्यटकांना पाहण्यासारखे काही नाही. म्हणूनच ते लेखात लिहिलेले असणे अधिक आवश्यक आहे.

सालाझारच्या त्या राजवटीविषयी ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांच्यासाठी मुख्य कॅथेड्रलशेजारी आल्जुबे संग्रहालय आहे. राजकीय कैद्यांच्या जुन्या तुरुंगात २०१५ मध्ये ते सुरू झाले असून वसाहतींमधल्या मुक्तिलढ्यांनाही त्यात जागा दिलेली आहे.

पुरवणीत लिस्बनचा लेख पुन्हा छापाल तेव्हा साओ व्हिसेंते, गेंडा, आल्जुबे आणि काशियश यांना चार-चार ओळी द्याव्यात, ही विनंती. जागा कमी पडल्यास पास्तेलचा परिच्छेद आखडता येईल. आणि वयस्कर जोडप्यांसाठी एक सूचना अवश्य घालावी: तिथल्या पदपथांवरचे पांढरे-काळे दगड पावसात तेल ओतल्यासारखे निसरडे होतात, तेव्हा रबरी तळव्यांचे बूटच न्यावेत.

आपली,
एक वाचिका, वसई