पत्रा कोणत्या गॅसवर कापला, तेही लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या उद्योगविषयक पुरवणीतला लेसर कटिंगवरचा लेख वाचला. वेग, अचूकता, प्रत्येक आकारासाठी वेगळा पंच-डाय (पत्र्यात दाबून भोक पाडणारा ठोकळा आणि त्याखालचा साचा) बनवण्यातून सुटका, हे सगळे खरे आहे. पण लेख कटिंग मशीनपाशीच थांबतो आणि जाता जाता ‘पंचिंगचे दिवस सरले’ असेही सांगून टाकतो. मी पावडर कोटिंगचा, म्हणजे जॉबवर रंगाची पूड बसवून ती ओव्हनमध्ये वितळवण्याचा व्यवसाय करते. कापून, वाकवून, वेल्ड करून झालेला जॉब सगळ्यात शेवटी माझ्याकडे येतो, आणि आधीच्या लोकांनी काय केले, काय टाळले, ते त्याच्या कडांवर दिसते. म्हणून हे पत्र.

आमच्या धंद्यात एक तक्रार ठरलेली असते : “मॅडम, तुमचा रंग सुटतोय.” जॉब हातात घ्यावा तर सपाट भागावर रंग पक्का असतो. सुटतो तो फक्त कापलेल्या कडेवरून, लांब पट्टीने. ती पट्टी उलटी करून पाहिली की आतल्या बाजूला काळपट पापुद्रा चिकटलेला दिसतो. रंगाने धरायचे तसे घट्ट धरले होते, पण ज्याला धरले होते तो पापुद्राच पत्र्यावरून निघाला.

हा पापुद्रा लोखंडाच्या ऑक्साइडचा. माइल्ड स्टील (साधे पोलाद) लेसरवर, किरणाबरोबर ऑक्सिजन सोडून कापले की तापलेले लोखंड ऑक्सिजनशी संयोग पावून जळते आणि त्या उष्णतेचाही कापायला हातभार लागतो. ही युक्ती जुनी आहे. १९६७ साली ब्रिटनमध्ये पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कार्बन डायऑक्साइड लेसरने कापून दाखवला, तो ऑक्सिजनच्याच मदतीने. जाड पत्र्याला आजही ऑक्सिजन सोयीचा पडतो, कारण तिथे एखाद्या बारच्या (एक बार म्हणजे साधारण वातावरणाइतका दाब) आसपासचा दाब पुरतो. नायट्रोजनचे तसे नाही. तो जाळत नाही, वितळलेला धातू नुसता फुंकून बाहेर काढतो, आणि त्यासाठी दहा-वीस बारचा दाब लागतो. गॅस भरपूर जातो, म्हणून खर्चही वाढतो. पण कड चांदीसारखी स्वच्छ येते आणि रंग थेट धातूवर बसतो. नुसत्या दाबाच्या हवेवर कापणारेही आहेत. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतोच, त्यामुळे थोडा का होईना, थर येतो.

“तुमच्याकडे सेव्हन टँक आहे ना, मग धुऊन घ्या,” असे मला सर्रास ऐकवले जाते. रंगाआधी जॉब ज्यांतून बुडवून काढतात त्या या सात टाक्या तेल, धूळ आणि वरवरचा गंज काढण्यासाठी, आणि फॉस्फेटचा थर देण्यासाठी असतात. लेसरचा ऑक्साइड तिथल्या नेहमीच्या वेळात हलत नाही. ॲसिडमध्ये जास्त वेळ ठेवावे तर बाकीचा चांगला पत्रा खाल्ला जातो, शिवाय वेल्डच्या सांध्यांत ॲसिड अडकून नंतर गंज फुटतो, तो वेगळाच ताप.

आता पंचिंग. जाळी पडावी इतकी भोके असलेले पॅनेल टरेट पंचवर (फिरत्या चकतीत अनेक पंच बसवलेल्या मशीनवर) झपाट्याने होते. लूव्हर (हवेसाठी उचललेल्या झडपा), एम्बॉसिंग (उठावाचे काम), आटे पाडण्यासाठी भोकाभोवती ओढून घेतलेली कॉलर, ही कामे लेसरला जमतच नाहीत. लेसर फक्त कापतो, पत्र्याला उठाव देत नाही. म्हणून तर पंच आणि लेसर दोन्ही एकाच मशीनवर बसवतात. आणि माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे पंच केलेल्या कडेला ऑक्साइड नसतो.

पंचिंगचे सगळे आलबेल असते असे मात्र नाही. पंचची धार गेली किंवा पंच आणि डायमधली फट पत्र्याच्या जाडीला जुळली नाही, की डायच्या बाजूला बर, म्हणजे कडेवरची टोकदार धार, उभी राहते. ओव्हनमध्ये १८०-२०० अंशांना पावडर वितळते तेव्हा ती टोकदार धारेवरून मागे सरकते. सपाट भागावर ६०-८० मायक्रॉन असलेला थर त्या टोकावर नावापुरता उरतो, आणि गंज तिथूनच सुरू होतो. बर कुठल्या बाजूला चालेल हे ड्रॉइंगवर लिहिणारे ग्राहक मला फार थोडे भेटले. बहुतेक ड्रॉइंगवर रंगाचा शेड क्रमांक मात्र ठळक असतो!

ऑक्सिजनवर कापूच नका, असे माझे म्हणणे नाही. ज्या जॉबला रंगच द्यायचा नाही, किंवा ज्याच्या कडा नंतर मशीनवर तासून घ्यायच्याच आहेत, त्याला नायट्रोजनचा खर्च कशाला? जाड प्लेटला तर बऱ्याचदा दुसरा पर्याय परवडतच नाही. पण पातळ पत्र्यात, विशेषतः जास्त ताकदीच्या फायबर लेसरवर, नायट्रोजनचा वेग इतका चांगला मिळतो की वाचलेला वेळ गॅसच्या खर्चासमोर धरून हिशेब करावा. दर मागताना ‘कटिंग मीटरमागे किती’ एवढेच विचारले, तर समोरचा त्याला स्वस्त पडेल तो गॅस वापरणार. त्यात त्याला तरी दोष का द्यावा?

माझी मागणी साधी आहे. काम देणाऱ्याने ड्रॉइंगवर लिहावे की जॉबला रंग द्यायचा आहे आणि दर्शनी बाजू कोणती. कापणाऱ्याने चलनावर गॅस लिहावा. ऑक्सिजनवरच कापला असेल, तर कडा बेंडिंगच्या आधी, जॉब सपाट असतानाच घासून घ्याव्यात. तेव्हा ब्रश सगळीकडे फिरतो. एकदा पेटी वाकवून वेल्ड झाली की आतल्या कोपऱ्यातल्या कडेपर्यंत हात पोचत नाही, आणि तसा जॉब घ्यायचा असेल तर कडांची हमी मी देत नाही.

आपली,
पावडर कोटिंग करणारी एक वाचक