'श्वासपटल' हा स्नायू आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत 'श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पातळ पडदा' असे वाचले आणि एक आजी आठवल्या. मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन झालेल्या रुग्णांना श्वासाचे व्यायाम शिकवण्यात बावीस वर्षे गेली. या आजी पोटाच्या ऑपरेशननंतर खोकला दाबून धरत होत्या, छातीत कफ साठत चालला होता. कारण विचारले तर म्हणाल्या, "अगं, जोरात खोकले आणि तो पडदा फाटला म्हणजे?" पडदा हा शब्द आदल्या दिवशी मीच वापरला होता.

शब्द चुकीचा नाही, अपुरा आहे. पटल म्हणजे आवरण, पापुद्रा. नेत्रपटलाला ते शोभते. श्वासपटलाच्या इंग्रजी नावाचे, 'डायफ्राम'चे, ग्रीक मूळही तसेच: 'डिया' म्हणजे मधून, आडवे आणि 'फ्राग्मा' म्हणजे कुंपण. प्लेटोला तर ही घरातल्या स्त्री-पुरुषांच्या दालनांमधली आडभिंत वाटली. वर शौर्य, खाली भूक आणि वासना. ग्रीकमध्ये याच जागेला 'फ्रेन' असाही शब्द होता आणि मनालाही तोच. स्किझोफ्रेनियातला 'फ्रेन' इथलाच. आपल्याकडेही भीतीने गोळा येतो तो पोटातच, म्हणून मला हा शब्द फार जवळचा वाटतो. या स्नायूला हलवणारा फ्रेनिक मज्जातंतू मात्र निघतो थेट मानेतून. मानेच्या वरच्या भागात मज्जारज्जूला मोठी इजा झाली की श्वास बंद पडतो, तो यामुळेच.

कुंपण काय, पटल काय, कामाचा पत्ता कुठल्याच नावात नाही. हा घुमटाच्या आकाराचा स्नायू आकसला की खाली उतरून सपाट होतो, छातीत जागा होते आणि हवा आत येते. उचकी लागते तीही तो अचानक आकसल्यामुळे.

आजींचा तळवा मी बरगड्यांच्या खाली ठेवला. श्वास आत गेला तसा हात वर उचलला गेला. "आजी, हा भाता आहे. तुम्ही जन्मल्यापासून चालवताय." मग टाक्यांवर उशी घट्ट धरून त्या खोकल्या. तीन वेळा. कफ सुटला.

श्वासपटल हा शब्द पाठ्यपुस्तकांत रुळला आहे, तो बदला असे माझे म्हणणे नाही. लेखात तो पहिल्यांदा येईल तिथे 'श्वासाचा मुख्य स्नायू' एवढे शब्द सोबत छापावेत, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट वाचक