नांग्या भरण्याइतके ते सोपे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला मानवी क्लोनिंगवरचा लेख वाचला. देवाच्या कामात ढवळाढवळ करावी की नाही, यावरच तो सगळा खर्ची पडला आहे. देव आपले बघून घेईल. मला काळजी फसलेल्या प्रयोगांची आहे.

आम्ही रावेर तालुक्यातले केळीवाले. टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेली, ग्रँड नैन जातीची केळी म्हणजे क्लोनच, एकाच झाडाची हुबेहूब नक्कल. यंदा मृगबागेत, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या बागेत, हरण्या हा विषाणूरोग शिरला. पानावर पिवळट पट्टे दिसले की झाड कंदासकट उपटायचे, लांब नेऊन गाडायचे आणि नांग्या भरायच्या, म्हणजे रिकाम्या जागी नवे रोप लावायचे. मजुरी अंगावर पडते, रोपवाटिकेशी वाद होतो, पण बाग उभी राहते. माणसाच्या बाबतीत उपटायचे कोणाला?

क्लोन केलेली डॉली मेंढी 1996 साली जन्मली ती 277 प्रयत्नांतून एकटी. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत 2009 मध्ये म्हशीची पहिली क्लोन पारडी झाली, ती आठवडाभरही जगली नाही. चीनने 2018 मध्ये दोन क्लोन माकडे दाखवली, ती गर्भातल्या पेशींपासून केलेली. त्याच प्रयोगात पूर्ण वाढलेल्या माकडाच्या पेशींपासून केलेले 181 भ्रूण 42 माद्यांच्या पोटात ठेवले होते. दोन पिल्ले जन्मली, दोन्ही दगावली.

हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्या भाऊबंदांत एकाचा कर्ता मुलगा गेला आणि तेराव्याला आलेल्या एका शहाण्याने त्या बापाला सांगितले, "आता पेशीपासून परत करता येतो." बाप अजून विचारतो, खर्च किती येईल? त्याला कसे सांगावे, की जमले तरी चेहरा येईल, पोरगा येणार नाही. आणि त्या 42 माद्यांच्या जागी कोणाच्या लेकीसुना असतील? मानवी भ्रूण क्लोन केल्याचा दावा करणारे दक्षिण कोरियाचे शास्त्रज्ञ ह्वांग वू-सुक यांनी स्त्रीबीजे घेतली त्यांत त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ मुली होत्या. दावाही पुढे खोटा निघाला. आपल्याकडे तर गरज कोणाची नडते, हे ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना विचारा.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत क्लोनिंगने माणूस जन्माला घालण्यास मनाई आहे. लेखात त्याची एक ओळही नाही. पुढच्या वेळी 'गेलेला माणूस परत' असा मथळा द्याल, तेव्हा शेजारी हे आकडेही छापावेत.

आपला,
एक केळी उत्पादक
ता. रावेर, जि. जळगाव