चि. सायलीस, नव्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसबद्दल

तासगाव
रविवार, रात्री

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास की कट झाला, हे मी विचारत नाही. आई म्हणते रेंज गेली असेल. पण "बाबा, तुम्ही बोअरच्या मोटरी बघा, हे वेगळं असतं" एवढं रेंज जायच्या आधी स्पष्ट ऐकू आलं. म्हणून लिहून पाठवतोय. उद्या धनू पुण्याला येतोय, त्याच्याकडे भाजणीच्या डब्याबरोबर देतो.

तुझी नव्या कॉम्प्युटरच्या पार्टची यादी मी दुकानात बसून नीट वाचली, कदमांच्या मोटरीचं वार्निश वाळेपर्यंत. चांगली केली आहेस. ऑफिसातलं जुनं मशीन नको, हे पटलं. सहाव्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ रीतसर बसत नाही आणि १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्येच संपला, मग स्वस्त मिळून काय करायचंय. रायझन ५ ५६०० प्रोसेसरच्या डब्यात कूलर येतो म्हणून वेगळा धरला नाहीस. नव्या एएम५ जातीच्या बोर्डाला डीडीआर५ रॅमच लागते, आणि डेटा सेंटरवाले मेमरी उचलायला लागल्यापासून रॅमचे भाव कुठल्या कुठे गेलेत. त्यापेक्षा सीनियरकडून डीडीआर४ च्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, जोडीने लावायच्या आणि जुन्या एएम४ बोर्डावरच राहायचं. हा सगळा हिशोब तू एकटीने केलास. मी आजीला वाचून दाखवला. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण संध्याकाळी ती शेजारी सांगून आली.

फक्त शेवटची ओळ. "एसएमपीएस : कॅबिनेटबरोबर फुकट." अगं, सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा तो.

तू पाठवलेला लेबलचा फोटो मी भिंग लावून पाहिला. वर ४५० वॅट असं मोठ्या अक्षरात छापलंय. खाली १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही खातात ते याच १२ व्होल्टवर. प्रोसेसर ६५ वॅटचा, ३०६० कार्ड १७० चं, वर बोर्ड, पंखे, डिस्क. ते ४५० कुठून आले ते छापणाऱ्यालाच ठाऊक. मी तुला साडेसातशे-हजार वॅटचा घे म्हणत नाही, तो तुला लागतच नाही. चांगल्या कंपनीचा ५५० पुष्कळ झाला, १२ व्होल्टला ४५ अँपिअरच्या आसपास देणारा. ८० प्लस ब्राँझचा शिक्का असला तर बरं, पण तो शिक्का वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतो. ओव्हरव्होल्टेज आणि शॉर्टसर्किटचं संरक्षण आहे का, ते वेगळं बघावं लागतं. ते नसलं आणि एसएमपीएस गेला, तर जाताना बोर्ड, कार्ड, डिस्क, काय हाताशी येईल ते घेऊन जातो. ५५ हजारांच्या सामानात अडीच-तीन हजार वाचवायची ही जागा नाही गं.

लेक्चर झालं. माफ कर. तू शेंबडी होतीस तेव्हापासून मला हे असंच बोलायची सवय आहे, आणि तूही ऐकायचीस. काउंटरवर बसून कॉइलचे वेढे मोजायचीस, मोठ्याने. मध्ये गिऱ्हाईक आलं आणि मी आकडा विसरलो, तर तुला तो बरोबर आठवायचा. लाडे मास्तर म्हणायचे, ही पोरगी तुमचं दुकान पुढे नेणार. मी तेव्हाच म्हटलं होतं, ही इथे राहायची नाही. चांगलंच झालं ते. आता तू तिकडे चित्रं हलवतेस आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तो पावसातल्या एसटीचा व्हिडिओ मी दुकानात आलेल्या प्रत्येकाला दाखवला. वायपर अगदी आपल्या विटा गाडीसारखा अडखळतो.

कार्ड जुनं घेतेस त्याला माझी हरकत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं, म्हणजे कार्डं रात्रंदिवस चालवून क्रिप्टो नाणी मिळवायचं, मायनिंग थांबलं आणि अशी कार्डं ढिगाने विकायला आली, हे तूच सांगितलंस. रात्रंदिवस एका लोडवर चाललेली मोटर वाईटच असते असं नाही. सारखी चालू-बंद होणारी लवकर जळते. बेअरिंग मात्र बघावं. तसा याचा पंखा बोटाने फिरवून बघ, खरखर येते का. अर्धा तास लोडवर चालवून दाखवायला सांग. आणि नाकाजवळ धर. जळकं वार्निश कसं वासाला येतं, हे तुला पुण्यात कुणी शिकवायला नको. बोर्ड बी४५० घेतलास तर दुकानातच बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, नवा करून घे, नाहीतर जुन्या बायोसला ५६०० ओळखूच येणार नाही. बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घे.

एवढ्यावर थांबणार होतो. पण त्या दिवशी तू हसत हसत म्हणालीस की रूममेटच्या कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात, सगळ्यांनाच येतात. त्या हसण्याने मला झोप लागली नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला, एक न्यूट्रलकडून. बॉडी अर्थला जोडलेली असली तर ती गळती जमिनीत जाते. नसली तर बॉडी २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या. पण मुंग्या आल्या म्हणजे तुमच्या रूमवरच्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे बहुधा तारच नाही. आणि अशा बॉडीच्या आत फुकटातल्या एसएमपीएसचं इन्सुलेशन गेलं, तर मग मुंग्यांवर भागत नाही.

तात्यांच्या वेळी तू पहिलीत होतीस. स्टार्टरची पेटी लोखंडी होती आणि अर्थिंगची तार कुणीतरी सोडवून ठेवली होती. हा विषय मी काढणार नव्हतो. आईला सांगू नकोस मी लिहिलंय म्हणून.

तुला कळत नाही असं मी म्हणत नाहीये. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तेच तर मी दुकानात सगळ्यांना सांगतो. तुला वाटेल बाबांना पैशांचं पडलंय. तसं नाही. एसएमपीएसचे पैसे उद्या तुझ्या खात्यावर येतील, ते बजेटात धरू नकोस आणि कार्ड मोठं घेण्यात घालवू नकोस. आजीला मात्र कळू देऊ नको, ती पाटल्यांचं पुन्हा काढेल.

राहिलं सॉकेटचं. चांगला वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घे, त्याचेही पैसे मी देतो. लाइन ओढावी लागली तर घरमालकांची परवानगी लागेल. त्यांना मी फोन करू का? तू नको म्हणालीस तर करणार नाही. पण मग तू कर, मशीन जोडायच्या आधी.

तुझा,
बाबा