गॅलरीआधी हिशेब

संपादक महाशय,

नागपूर-कामठीतल्या फुटबॉल क्लबांना प्रेक्षकांसाठी पक्की गॅलरी हवी, ही मागणी रास्तच आहे. पण त्याआधी इंग्लंडच्या ॲक्रिंग्टन या लहानशा गावातल्या क्लबचा इतिहास पदाधिकाऱ्यांनी पाहावा. ॲक्रिंग्टन स्टॅन्लीने १९५८ मध्ये ऑल्डरशॉटच्या लष्करी सोहळ्यातली जुनी गॅलरी १४५० पौंडांत घेतली. ती सुटी करून आणण्यात आणि पुन्हा उभारण्यात मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसा गेला. आधीच कर्जात असलेल्या क्लबाला तो भार झेपला नाही. मार्च १९६२ मध्ये, ऐन हंगामात, क्लबाने फुटबॉल लीगचा, म्हणजे इंग्लंडमधल्या व्यावसायिक क्लबांच्या स्पर्धेचा, राजीनामा दिला. तो मागे घेऊ पाहिला, पण लीगने नकार दिला आणि त्या हंगामातले निकालही रद्द केले. १९६८ मध्ये क्लब नव्याने उभा राहिला. लीगमध्ये परतायला २००६ उजाडले!

आपल्याकडे कोटेशन मागवताना नुसत्या लोखंडी सांगाड्याचा दर घेऊ नये. पाया, वाहतूक, क्रेन, जोडणी, दर पावसाळ्यानंतर बोल्ट कसणे नि गंज काढून रंग देणे, हे सगळे वेगवेगळे लिहून घ्यावे. आणि हंगामाचे पंच, प्रवास, किट यांचे पैसे बाजूला काढल्याशिवाय कंत्राटदाराला ॲडव्हान्स देऊ नये.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, मोहननगर, नागपूर